खिळ्यावरचा कप

आमच्या घरात हॉटेलात खाल्लं असं सांगायची चोरी होती. "घरात चूल असताना हाटेलात खातंय ते घर बुडीवतंय," असं आजी म्हणायची. तरी आमच्या घराला हॉटेल माहीत झालं, ते गुळामुळं.

गुऱ्हाळ सुरू झालं की वडील, म्हणजे आमचे दादा, गुळाचे रवे बैलगाडीत भरून कोल्हापूरला शाहूपुरीच्या अडतीत घालायला जायचे. मध्यरात्री गाडी जुंपायची, तांबडं फुटायला पेठेत पोचायचं. सौदा होऊन पट्टी हातात यायला दुपार व्हायची. बांधून नेलेली भाकरी तोवर संपलेली असायची. मग खानावळ. परत येताना आमच्यासाठी कागदाच्या पुड्यात भजी यायची. घरी पोचेपर्यंत ती गार, मऊ पडलेली. आम्ही पोरं तेल लागलेला कागदसुद्धा चाटायचो. आई मात्र "तुमी खावा" म्हणून एखादंच तोंडात टाकायची. ज्या हॉटेलातनं ती भजी यायची, ते तिनं कधी बघितलं नव्हतं.

दादांच्या बरोबर गाडीवर तात्या असायचे. तात्या आमचे सालगडी, बौद्धवाड्यातले. रवे भरायचे, उतरायचे, बैलांना वैरण टाकायची, सगळं तेच बघायचे. त्यांनी उचललेला गूळ सगळ्या गावाला चालायचा. पण आमच्या घरी जेवायला त्यांचं जर्मनचं ताट वेगळं होतं. ते गोठ्याच्या वळचणीला खोवलेलं असायचं. आई वरनं भाकरी टाकायची, वरनं आमटी वाढायची. ताट तेच घासायचे नि तेच परत खोवायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जन्मल्यापासनं बघत आलेलो.

१९७१ साली मी पाचवीत होतो. हट्ट करून गाडीत बसलो. सौदा झाल्यावर आम्ही तिघं खानावळीत गेलो. दादा बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी. तात्या दारातच उभे राहिले. दादा हळूच म्हणाले, "बस की. हितं कोण वळखतंय?" तात्या बाकाच्या टोकाला टेकले. पोऱ्यानं तीन ताटं आणून आदळली. तिन्ही सारखीच. त्या दिवशी काय खाल्लं ते आज आठवत नाही. पण दादा आणि तात्या एका टेबलावर जेवताना पहिल्यांदा बघितले, हे आठवतं. जेवून झाल्यावर तात्या सवयीनं ताट उचलून घासायला निघाले, तर पोऱ्या हसला आणि त्यानं ताट काढून घेतलं.

परत येताना दादा मला म्हणाले, "गावात सांगू नगंस." मला वाटलं, हॉटेलात खाल्लं ते सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या यष्टीच्या थांब्यावरच्या हॉटेलात दादांबरोबर गेलो. पत्र्याचं छप्पर, आत दोन बाकडी. बाहेरच्या मेढीला खिळा, खिळ्याला कान फुटलेला एक कप. तात्या आले, त्यांनी तो कप काढला, विसळला, पुढं धरला. मालकानं वरनं च्या ओतला. तात्या बाहेर उकिडवे बसून प्याले. कप धुऊन परत खिळ्याला. मी दादांकडं बघितलं. दादा बशीत बघत होते.

पुढं शाळा सुटल्यावर वाचायचा नाद लागला, तेव्हा कळलं. ज्या कोल्हापुरात आम्ही गूळ घालायला जात होतो, तिथंच शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिलं होतं आणि महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेत होते. महाराज वारले १९२२ साली. १९५० पासनं लागू झालेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात तर हॉटेलचं नाव घेऊन लिहिलंय, की जातीवरनं कुणाला तिथं अडवायचं नाही. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा वेगळा कायदा झाला. एवढं सगळं होऊन आमच्या गावचा कप खिळ्यावरच होता. राजानं प्यालेला चहा पाच-सहा कोसांवरच्या गावात पोचायला पन्नास वर्षं पुरली नाहीत.

तो कप हलला तात्यांच्या थोरल्या पोरामुळं. तो कारखान्यात कामाला लागला होता. एका सकाळी बापाला घेऊन तो सरळ आत आला आणि म्हणाला, "दोन च्या." मालकानं दादांकडं बघितलं. दादा काही बोलले नाहीत. फक्त बाकावर जरा सरकले. तात्या बसले. चार बोटं सरकायचं होतं. तेवढ्याला दादांची निम्मी हयात गेली.

आई पहिल्यांदा हॉटेलात गेली ती फार उशिरा. डोळ्याच्या ऑपरेशनला तिला कोल्हापूरला नेलं होतं. पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये बसवलं, मिसळ मागवली. पदर सावरत म्हणाली, "हितं बायका येत्यात व्हय?" मग ताटलीकडं बघत राहिली. म्हणाली, "ह्यात आधी कोण जेवलं आसंल?" मी म्हटलं, "कोण का असंना." तिनं थोडा वेळ विचार केला आणि पाव रश्शात बुडवला.

घरी आल्यावर चार दिवसांनी तिनं वळचणीचं ते ताट काढलं, चिंच लावून घासलं आणि घरातल्या मांडणीत आमच्या ताटांबरोबर ठेवलं. तात्या तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता रविवारी पोरं, सुना, नातवंडं गाडी काढून हमरस्त्यावर तांबडा-पांढरा खायला जातात. मलाही नेतात. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. बरं वाटतं.

दादा म्हणाले होते, "गावात सांगू नगंस." पन्नास वर्षं सांगितलं नाही. काय सांगायचं नव्हतं, ते आता कळतंय. म्हणून लिहून ठेवलं.