हेझी बिअर म्हणजे काय? ती चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे?

काचेचा ग्लास, वर पांढरा फेस आणि आत पातळ आमरसासारखी पिवळी, आरपार काहीच न दिसणारी बिअर. असा फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर नक्की पाहिला असेल. हीच हेझी बिअर. हेझ म्हणजे धुकं. ती अशी का दिसते, चाखायची कशी आणि ॲपवर स्टार देण्याआधी काय तपासायचं, ते या लेखात बघूया.

आधी एक सूचना. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 वर्षं आहे आणि मद्य पिण्यासाठी परवाना लागतो.

माझे दोन स्टार कसे चुकले

मे महिन्यात पुण्याहून सांगलीला जाताना मी एका छोट्या ब्रुअरीचे हेझी बिअरचे चार कॅन घेतले. चारही एकाच बॅचचे. वाटेत साताऱ्याला मित्राकडे थांबलो, दोन कॅन त्याच्या फ्रिजमध्ये ठेवले. उरलेले दोन गाडीच्या डिकीत राहिले आणि मी ते विसरलो. सांगलीच्या उन्हात आठवडाभर!

मग एक कॅन थंड करून उघडला. रंग मातकट, वास ओल्या पुठ्ठ्याचा, चव गोडसर आणि मेलेली. मी लगेच ॲपवर दोन स्टार दिले आणि खाली लिहिलं, "गढूळ पाणी."

परत येताना साताऱ्यात मित्राने त्याच्याकडचा कॅन उघडला. म्हणाला, "आरं, आधी वास तर घेऊन बघ!" ग्लास नाकाजवळ नेला तर पिकलेला आंबा, पेरू, संत्र्याची साल. कॅनखालचा बॅच नंबर पाहिला, तोच होता. बिअर बनवणाऱ्याने काम चोख केलं होतं, ती खराब माझ्या डिकीने केली होती. आणि दोन स्टार मात्र त्याच्या नावावर लागले होते. मोठ्या कंपनीला असे दोन स्टार लागत नाहीत. ज्या ब्रुअरीला मोजकेच रिव्ह्यू आहेत, तिची सरासरी एका रिव्ह्यूने खाली येते. मी तो रिव्ह्यू बदलला आणि मग परीक्षक लोक गुण कसे देतात, ते नीट समजून घेतलं.

ही बिअर गढूळ का असते?

नेहमीची लागर बिअर गाळून पारदर्शक करतात. हेझी बिअरमध्ये बार्लीच्या माल्टसोबत गहू आणि ओट्स घालतात. त्यांच्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकमेकांना चिकटतात, त्यांचे बारीक कण द्रवात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. म्हणून धुकं दिसतं.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. भारतात ती हिमाचलच्या लाहौल भागात पिकतात. हॉप्स उकळले की कडूपणा येतो. हेझी बिअरमध्ये बरेचसे हॉप्स उकळून झाल्यावर, थंड बिअरमध्ये घालतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. त्यामुळे कडूपणा कमी आणि फळांचा वास जास्त येतो. बिअरमध्ये आंबा किंवा पेरू घातलेला नसतो, तो वास हॉप्समधल्या तेलांचा आणि यीस्टचा असतो.

ही आली कुठून?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून. तिथल्या 'द अल्केमिस्ट' ब्रुअरीची 'हेडी टॉपर' ही बिअर या प्रकाराची सुरुवात मानली जाते. 2011 पासून ती कॅनमध्ये मिळू लागली आणि तिचं नाव दूरवर गेलं. आपल्याकडे पुण्यात 2009 साली 'डूलाली'ने क्राफ्ट बिअर बनवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे 'डूलाली' हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाण्याची वाट बघत बसलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो रूढ केला.

50 गुणांचा तक्ता

'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' ही परीक्षकांची संस्था अमेरिकेत 1985 साली सुरू झाली. घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धांसाठी तिची गुणपत्रिका जगभर वापरतात. गुणांची वाटणी अशी:

- वास: 12
- दिसणं: 3
- चव: 20
- तोंडातली जाणीव, म्हणजे जाड-पातळ, फसफस, मऊपणा: 5
- एकूण मत: 10

आता 'दिसणं' या ओळीकडे परत बघा. ज्या धुक्यासाठी आपण फोटो काढतो, त्याला रंग आणि फेस धरून 50 पैकी फक्त 3 गुण आहेत! वास आणि चव मिळून 32. म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते 3 गुणांचं, बाकीचे 47 तुमच्या नाकाचे आणि जिभेचे.

चाखायची पद्धत

1. कॅन फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअस बरं. बर्फासारख्या थंड बिअरला वास येत नाही.
2. ग्लास काचेचा घ्या आणि नीट विसळा. साबण किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि आपण दोष बिअरला देतो.
3. अर्धाच ग्लास भरा, म्हणजे वास साठायला वर जागा राहते. ओतल्याबरोबर वास घ्या, कारण पहिला वास लवकर उडतो.
4. रंग बघा. फिकट पिवळा ते सोनेरी ठीक. करडा किंवा तपकिरी दिसला तर हवा लागल्याची शंका घ्या. तळाशी गुठळ्या दिसल्या तर तो हेझ नव्हे, खाली बसलेला गाळ आहे.
5. छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. मऊ वाटलं पाहिजे. घशात चरचर राहिली तर हॉप्सचे कण जास्त राहिले आहेत.

दोष ओळखायला हे वास लक्षात ठेवा. ओला पुठ्ठा म्हणजे शिळी, लोणी किंवा बटर पॉपकॉर्न म्हणजे डायअसिटिल, कच्चं हिरवं सफरचंद म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. शेवटच्या दोन्हींत बहुतेक वेळा आंबवण्याचं काम अपुरं राहिलेलं असतं.

ताजेपणा सगळ्यात महत्त्वाचा

रसवंतीवर उसाचा ताजा रस बघा आणि तोच ग्लास तासाभराने बघा. काळपट होतो, कारण रसातल्या पॉलिफेनॉल्सना हवा लागते. हेझी बिअरमध्येही पॉलिफेनॉल्स भरपूर असतात. रसात हे काम एन्झाइममुळे काही मिनिटांत होतं. बंद कॅनमध्ये राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजनने ते काही आठवड्यांत होतं, आणि उष्णतेत फार लवकर. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. फ्रिज 4 अंशांवर आणि मे महिन्यातली डिकी 40 च्या वर, म्हणजे फरक किती पडला असेल, हिशोब तुम्हीच करा.

म्हणून 'बेस्ट बिफोर'च्या आधी भरल्याची तारीख बघा. हेझी बिअर फ्रिजमध्ये ठेवून पहिल्या एक-दोन महिन्यांत पिणं उत्तम. दुकानात कॅन फ्रिजमध्ये होता की उन्हातल्या शेल्फवर, हेही बघा. दूर न्यायचा असेल तर बर्फाचा डबा सोबत ठेवा.

फोन कशासाठी वापरायचा?

- कॅनवरच्या तारखेचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. ग्लासच्या फोटोपेक्षा हा जास्त कामाचा.
- ग्लासचा फोटो काढताना मागे पांढरा कागद धरा आणि कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका जागी ठेवा. ऑटो मोड पिवळ्या बल्बखाली रंग बदलून दाखवतो.
- 'अनटॅप्ड'सारख्या ॲपवर पावपाव स्टार करत 5 पर्यंत रेटिंग देता येतं. आधी स्वतःचे 50 पैकी गुण नोट्समध्ये लिहा, मगच इतरांचं रेटिंग उघडा. नाहीतर आपली जीभ त्यांच्या आकड्यामागे जाते.
- रिव्ह्यूत तारीख, बॅच आणि कॅन कसा ठेवला होता, ते लिहा. शिळी वाटली तर दुसरा कॅन चाखल्याशिवाय स्टार देऊ नका.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. याच संस्थेच्या 2021 च्या नियमावलीत हेझी आयपीएमध्ये अल्कोहोल 6 ते 9 टक्के सांगितलं आहे, म्हणजे नेहमीच्या लागरपेक्षा जास्त. फळांच्या वासामुळे ते जाणवत नाही. गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा आहे. त्या दिवशी साताऱ्यात कॅन उघडल्यावर मी रात्री मित्राकडेच मुक्काम केला आणि सकाळी निघालो. डिकीतला उरलेला चौथा कॅन त्याला दाखवला. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून वास घेतला, तेव्हा कुठे शिळी म्हणजे काय ते कायमचं लक्षात राहिलं. जमलं तर तुम्हीही ही तुलना एकदा करून बघा, मात्र कॅन मुद्दाम उन्हात ठेवा, विसरून नको!