कार्ब्युरेटर जुळवणी

जुन्या पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल किती प्रमाणात मिसळावे आणि रेस न देता (आयडलिंगला) इंजिन किती वेगाने चालावे, हे ठरवून घेण्याची क्रिया. गॅरेजात हिला ‘ट्यूनिंग’ म्हणतात. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत हे काम फ्युएल इंजेक्शनकडे गेले. हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर मात्र त्याआधीच्या दुचाकी अजून पुष्कळ आहेत.

जुळवणी सर्वांत शेवटी करायची. एअर फिल्टर तुंबलेला, प्लग काजळलेला, पेट्रोल सोडणाऱ्या जेटमध्ये कचरा किंवा मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरत असेल, तर स्क्रू फिरवणे व्यर्थ. फुफाट्याच्या गाडीवाटेने रोज शेतात जाणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरल्या मुदतीआधीच भरतो. जेट तारेने टोकरू नये, पितळेचे भोक मोठे होते. पेट्रोलने धुऊन हवा मारावी.

मग इंजिन पुरते तापू द्यावे. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने तळाशी बसवून कंपनीने सांगितलेले फेरे (बहुधा दीड ते अडीच) उलटे सोडावेत. तिथून थोडाथोडा हलवत इंजिन जिथे सर्वांत जलद आणि सलग चालते ती जागा धरावी. वाढलेला वेग आयडलिंगच्या स्क्रूने उतरवावा. मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. तिथे नेमके उलटे घडते. हा फरक न पाहता हात घालणारे गाडी बिघडवतात.

ॲव्हरेजच्या लोभाने मिश्रण विरळ करणे ही सर्वांत महागडी चूक. मिश्रणाचा स्क्रू मुख्यतः आयडलिंग आणि कमी रेसपुरता चालतो, भर रेसमधले पेट्रोल मेन जेट ठरवतो. तो लहान बसवला की इंजिन तापते. आकुर्डीत १९७२ पासून बनलेल्या टू-स्ट्रोक चेतकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येते, त्यामुळे वंगणही घटते आणि पिस्टन जाम होतो. त्यात इथेनॉलला हवा कमी लागत असल्याने २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीचे मिश्रण मुळातच विरळ पडते.

पीयूसी चाचणीत आयडलिंगच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना ४.५ टक्के, त्यानंतरच्या पण बीएस-४ पूर्वीच्या दुचाकींना ३.५ टक्के आहे. जुळवणी झाल्यावर हा आकडा आवर्जून तपासून घ्यावा.