स्थळरेखाटन, तंजावर

स्थळरेखाटन म्हणजे जागेवर बसून, समोर दिसते ते त्याच बैठकीत वहीत उतरवणे. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना ‘स्मरणचित्र’ हा विषय आठवत असेल : बाजार, जत्रा, बसथांबा वर्गात बसून आठवून काढायचा. स्थळरेखाटन याच्या नेमके उलटे. इथे बाजारातच जाऊन बसायचे, आणि भाजीवाली मध्येच टोपली उचलून निघून गेली तर तिचे चित्र तेवढ्यावरच ठेवायचे. अर्धी राहिलेली ती आकृती हा या प्रकारात दोष मानत नाहीत, कारण त्या सकाळी तिथे घडले तेच वहीत आले. कलाशाळेतली मुले ‘लँडस्केपला जाऊ’ म्हणतात, हौशी मंडळी ‘स्केचिंगला जाऊ’ म्हणतात. शहर काढणे हाच हेतू असला की त्याला आता सर्रास ‘अर्बन स्केचिंग’ म्हणतात.

या हौसेला आजचे संघटित रूप आले ते सिअॅटलमधले पत्रकार आणि चित्रकार गॅब्रिएल कांपानारिओ यांच्यामुळे. त्यांनी २००७ साली जागेवर बसून शहरे रेखाटणाऱ्यांना एकत्र आणले. २००९ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ ही विनानफा संस्था झाली आणि २०१० मध्ये पोर्टलंडला पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. नियम थोडे आहेत. प्रत्यक्ष पाहून काढावे, दिसले त्याच्याशी प्रामाणिक राहावे, चित्रावर जागा आणि वेळ यांची नोंद असावी, एकमेकांना साथ द्यावी. साधन कोणतेही चालते. मुंबई, पुणे, चेन्नई इथले गट याच रीतीने सुट्टीच्या सकाळी ठरल्या जागी जमतात, पांगून दोन-तीन तास काढतात आणि शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर किंवा कट्ट्यावर शेजारी शेजारी मांडतात. गटाचा खरा लाभ या मांडण्यात आहे. एकाच चौकाकडे दहा जणांनी पाहिलेले असते आणि कोणी विजेच्या तारा, कोणी चहाची किटली, कोणी फक्त छपरे पाहिलेली असतात. नवशिक्याला दहा पुस्तकांतून जे कळणार नाही ते त्या पाच मिनिटांत कळते.

तंजावरच्या संदर्भात हा विषय स्वतंत्र नोंदीला पात्र ठरतो, कारण ‘तंजावरचे चित्र’ म्हटले की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते : लाकडी फळीवर कापड चिकटवून, चुन्याच्या लगद्याने उठाव देऊन, सोन्याचा वर्ख आणि काचखडे जडवलेला बाळकृष्ण किंवा पट्टाभिषेकातला राम. ती कला थोरच आहे. पण ती घरात, ठरलेल्या लक्षणांनुसार घडते आणि चित्रकाराला खिडकीबाहेर पाहावे लागत नाही. त्याच गावात दुसरी एक सवय रुजली होती, समोरची वस्तू निरखून कागदावर आणण्याची. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि मराठी वाचकाने तर ते द्यायलाच हवे, कारण ती सवय भोसल्यांच्या दरबारात वाढली.

१७९२ साली टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार दक्षिणेच्या प्रवासात तंजावरला आले. तिथल्या बृहदीश्वर मंदिराचे त्यांनी जागेवर केलेले चित्रण पुढे ‘ओरिएंटल सीनरी’ या छापील मालिकेतून इंग्लंडात पोहोचले. प्रमाण अचूक साधण्यासाठी ते कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून कागदावर प्रतिमा पाडणारी पेटी, वापरत. त्यांच्या चित्रांतली शांतता मात्र थोडी सजवलेली वाटते. इंग्रज गिऱ्हाईकांसाठी तंजावरचे स्थानिक चित्रकारही कागदावर काम करू लागले होते : निरनिराळ्या जातींची आणि धंद्यांची जोडपी, हातात त्यांची हत्यारे. या संचांत एकाच नमुन्यावरून पुन्हा पुन्हा उतरवलेली चित्रे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना सरसकट प्रत्यक्ष रेखाटन म्हणता येणार नाही. तरी देवादिकांच्या जागी विणकर आणि कुंभार कागदावर आले, हे लहान पाऊल नव्हे.

दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांच्या काळात या सवयीला राजाश्रय मिळाला. १७९९ च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख उरला, पण जिज्ञासा कोणी काढून घेऊ शकले नाही. पक्षी, प्राणी, वनस्पती यांची चित्रे त्यांनी दरबारच्या चित्रकारांकडून करून घेतली. त्यांच्या काशीयात्रेची आठवण देणारी काशीच्या घाटांची चित्रमालिका सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याचे माणसाचा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी ठेवून केलेले तक्तेही तिथेच आहेत.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते धन्वंतरी महालातल्या नेत्ररुग्णांचे कागद. राजाच्या आश्रयाने चालणाऱ्या या आरोग्यशाळेत डोळ्यांवर उपचार होत आणि रुग्णाची हकीकत लिहिताना त्याच्या डोळ्याचे चित्रही काढून ठेवत. मोतीबिंदूची पांढरी झाक, बुबुळावरचा डाग, पापणीची सूज, सगळे त्या एका माणसाचे. काढणाऱ्याला तिथे सुंदर डोळा काढायचा नव्हता. मीनाक्षी, कमलनयन या ठरलेल्या आकारांत हात मुरलेल्या चित्रकाराला समोर बसलेल्या रयतेचा आजारी डोळा जसा आहे तसा काढावा लागला. स्थळरेखाटनाची शिस्त यापेक्षा वेगळी नाही, आणि नवशिक्या गटाला धडा द्यायचा तर मी याच कागदांपासून सुरुवात करीन.

१८५८ मध्ये छायाचित्रकार लिनिअस ट्राइप याने बृहदीश्वराची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि वास्तूची नोंद ठेवण्याचे काम कॅमेऱ्याकडे गेले. हाताने काढणे त्यानंतर गरजेचे उरले नाही. ते हौसेचे झाले.

आज तंजावरात रेखाटायला बसणाऱ्याची पहिली जागा अर्थातच मोठे देऊळ, म्हणजे बृहदीश्वर. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले. मदुराई, श्रीरंगम इथे गोपुरे उंच आणि गाभाऱ्यावरचे शिखर ठेंगणे असते. इथे उलट आहे, गाभाऱ्यावरचे तेरा तलांचे शिखर, म्हणजे विमान, दोन्ही गोपुरांना मागे टाकून वर चढते. महाराष्ट्रातल्या देवळांच्या कललेल्या, फुगीर शिखरांची सवय असलेला हात इथे हमखास चुकतो, कारण या विमानाच्या कडा जवळजवळ सरळ आहेत आणि आपण नकळत त्यांना बाक देतो. आधी दोन तिरप्या रेषा, मग तलांच्या आडव्या, वर गेल्यावर जवळ येणाऱ्या. मूर्ती सर्वांत शेवटी आणि त्याही चार-पाचच. सगळ्या काढायला घेतल्या की चित्र बुजते.

या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे गावात आणि गाइडांच्या तोंडी ऐकू येते. रेखाटणाऱ्याला सावली काढावीच लागते, त्यामुळे त्याला ती दिसते. देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळी सावली विमानामागच्या पश्चिम अंगणात लांब पसरलेली असते आणि दुपारी चारला दार पुन्हा उघडल्यावर ती पूर्वेला, मंडपाच्या छपरावर, नंदीच्या दिशेने सरकत जाते. सूर्य डोक्यावर असण्याच्या दिवसांत मध्यान्हीला ती पायथ्यातच मुरते. समजुतीचा उगम तिथे असावा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला की भर दुपारीही तिचे टोक उत्तरेच्या अंगणात उतरते. फोटो काढून पुढे जाणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. तासभर एका जागी बसलेल्याची पेन्सिलीची सावलीरेषा मात्र खोटी पडते आणि त्याला ती पुसून सरकवावी लागते.

अंगणात सावली थोडी आणि पाय अनवाणी. दहानंतर फरशी इतकी तापते की गटाने भोवतालच्या ओवरीत आसरा घेतलेला बरा. तिथल्या खांबांच्या चौकटीतून विमान अधिक नेटके दिसतेही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत कॅमेऱ्याच्या तिकाटण्यासाठी परवानगी लागते, म्हणून ईझलचे लोढणे नको. मांडीवरची वही, न पुसणाऱ्या शाईचे पेन, जलरंगांची लहान पेटी पुरते. दगडाला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, संध्याकाळी त्यात थोडा गुलाबी. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसात हवा इतकी दमट असते की एक थर वाळायला दुसऱ्या चित्राइतका वेळ जातो. त्या दिवसांत फक्त रेषेवर काम करावे.

राजवाडा हा दुसरा मुक्काम. नायकांनी सुरू केलेला, १६७० च्या दशकात व्यंकोजींपासून मराठ्यांकडे आलेला. त्यातल्या सर्जा माडीचे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते. रंगीत चुनेगच्चीच्या दरबारात जॉन फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला. मनुष्याकृतीच्या सरावाला याहून शांत मॉडेल गावात मिळणार नाही. रस्त्यावरचे काम हवे असेल तर राजवाड्याभोवतालचे राजमार्ग, वीणा घडवणाऱ्यांच्या कार्यशाळा, मान डोलावणाऱ्या बाहुल्यांची दुकाने. फणसाच्या लाकडातून वीणेचा भोपळा कोरणारा कारागीर एकाच ठेक्यात हात चालवतो, त्यामुळे हलती आकृती असूनही तो काढता येतो. पाचव्या-सहाव्या फटक्याला मुद्रा परत तीच येते.

मराठी गटाने देवळाच्या प्राकाराच्या भिंतीपाशी वेगळा वेळ राखून ठेवावा. सरफोजींच्या आज्ञेने १८०३ मध्ये तिथे भोसले वंशाची कथा देवनागरीत कोरली गेली. लेख इतका लांब आहे की एका बैठकीत वाचूनही होत नाही, पण एखादी ओळ उतरवायला घेतली की अक्षरांची वळणे बोटांना कळू लागतात. चोळांच्या दगडावर, तमिळ मुलखात, मराठी शब्द ओळखू येतात आणि आजूबाजूला दर्शनाला आलेली माणसे थांबून विचारतात, ‘एन्न एऴुदुरींग?’ काय लिहिताय? वही पुढे करून दाखवावी.