सिंधुदुर्ग किनारपट्टी

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा, उत्तरेस वाघोटण नदीच्या मुखावरील विजयदुर्गच्या खाडीपासून दक्षिणेस तेरेखोल नदीपर्यंत पसरलेला, सु. १२० किमी. लांबीचा सागरी प्रदेश. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड, मालवण व वेंगुर्ला या तीन तालुक्यांचा समुद्राकडील भाग त्यात मोडतो. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले. तेव्हापासून या किनाऱ्याची ख्याती मुख्यतः स्वच्छ पुळणी (वाळूचे किनारे), किल्ले आणि माशांचे जेवण यांवर वाढत गेली असली, तरी केवळ पुळणीवरून परतणाऱ्याला या प्रदेशाचा अर्धाच परिचय होतो. कारण येथील पुळण हे गावाचे अंगण, खळे आणि कामाची जागा असून तिचा गावामागील मळ्यांशी, बागांशी आणि सड्यांशी रोजचा संबंध आहे.

भूरचनेच्या दृष्टीने हा किनारा सलग नाही. सह्याद्रीकडून येणाऱ्या डोंगरांच्या सोंडा ठिकठिकाणी थेट समुद्रात उतरतात आणि दोन सोंडांच्या मधल्या बाकावर पुळण तयार होते; त्यामुळे एका गावाच्या पुळणीवरून शेजारच्या गावाच्या पुळणीवर जाण्यासाठी बहुधा घाटी चढून सडा ओलांडावा लागतो किंवा खाडी तरून जावी लागते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार. उन्हाळ्यात तो तापून निघतो, पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले उगवतात, आणि त्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, पुढे कित्येक महिने पाझरत राहते. या पाण्यावरच सखल भागातील मळ्यांत पावसाळी भातानंतरचे वायंगण, म्हणजे उन्हाळी भाताचे पीक, निघते आणि उतारावरील कुळागरे, म्हणजे माड, पोफळी व मसाल्याच्या वेली यांच्या पाटाच्या पाण्यावर वाढणाऱ्या मिश्र बागा, हिरव्या राहतात. सड्यांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जांभ्याच्या सपाटीवर प्राचीन माणसाने कोरलेल्या मोठ्या आकृत्या, ज्यांना आज कातळशिल्पे म्हटले जाते, कोकणात अनेक ठिकाणी आढळल्या असून त्यांतील मालवण तालुक्यातील कुडोपी येथील समूहाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या प्राथमिक यादीत, कोकणातील इतर स्थळांबरोबर, करण्यात आला आहे.

नद्या लांबीने लहान असल्या तरी त्यांच्या खाड्या आत बऱ्याच अंतरापर्यंत शिरलेल्या आहेत. वाघोटण, देवगड, आचरा, कालावल, कर्ली आणि तेरेखोल या त्यांतील प्रमुख खाड्या होत. कर्ली नदीच्या मुखाशी एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूची अरुंद पट्टी तयार झाली असून तिच्यावर देवबाग हे गाव वसले आहे. घराच्या पुढील दारी लाटा आणि मागील दारी खाडीचे संथ पाणी अशी तेथील वस्तीची रचना असल्याने किनाऱ्याची धूप हा या गावाच्या दृष्टीने अस्तित्वाचा प्रश्न आहे. खाड्यांच्या काठी कांदळवने, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी वने, असून माशांची व कोळंबीची पिल्ले त्यांच्या मुळांच्या आधाराने वाढतात. वेंगुर्ल्याजवळील मांडवी खाडीत स्थानिक महिलांचा बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. या किनाऱ्यावरील पर्यटनाच्या अनेक नव्या उपक्रमांत हा विशेष उल्लेखनीय मानावा लागेल, कारण त्यात निसर्ग राखणे आणि त्यावर पोट भरणे या दोन गोष्टी एकाच हातात आलेल्या आहेत.

ऋतुमान हे येथील जीवनाचे खरे सूत्र होय. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने बहुतांशी लख्ख उन्हाचे असतात. बाहेरून येणाऱ्याला हे ऊन विसाव्याचे वाटते; गावकऱ्यांच्या लेखी ते बेगमीचे, म्हणजे पावसाळ्यासाठी करावयाच्या साठवणीचे, साधन आहे. शिरोड्याच्या मिठागरांत भरतीचे पाणी उथळ वाफ्यांमध्ये घेऊन उन्हाने आटवले जाते आणि मीठ गोळा केले जाते. याच मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. बांगडे चिरून, खारवून वाळूवर अंथरलेल्या जाळ्यांवर वाळत घातले जातात, जवळा सुकवला जातो, फणसाच्या गऱ्यांच्या आणि आंब्याच्या रसाच्या पोळ्या ताटांत पसरल्या जातात. यांत सर्वांत चिकाटीचे काम कोकमाचे असते. रातांबा, म्हणजे कोकमाचे पिकलेले फळ, फोडून त्याच्या साली वेगळ्या करतात, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात त्या भिजवतात, उन्हात वाळवतात आणि पुन्हा त्याच रसात बुडवून पुन्हा वाळवतात. असे काही वेळा केल्यावर साल काळसर आणि लवचीक होते व तिला आमसूल म्हणतात. सालीतून सुटलेला खारवलेला रस आगळ या नावाने बाटल्यांत भरून ठेवला जातो आणि नारळाच्या रसात मिसळून त्याची सोलकढी होते. रातांबे पिकण्याचा हंगाम एप्रिल-मे असल्याने पहिल्या पावसापूर्वी मिळतील तेवढ्या दिवसांतच हे सारे उरकावे लागते. वळवाचा एखादा पाऊस लवकर आला, तर खळ्यात, म्हणजे घरापुढील सारवलेल्या अंगणात, पसरलेली आठवड्याची मेहनत वाया जाते. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

आंब्याचे क्षेत्र प्रामुख्याने देवगड तालुक्यात असून जांभ्याच्या कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत बाहेरून आणलेली माती भरून लावलेल्या हापूसच्या बागा हे तेथील कष्टाचे ठळक उदाहरण आहे. फळ हाताने ओढून किंवा फांदी हलवून पाडले जात नाही. लांब बांबूच्या टोकाला पाते आणि जाळीची झोळी असलेल्या झेल्याने ते देठासह उतरवतात, कारण देठ मुळापासून तुटला की फळाचा चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि फळ टिकत नाही. उतरवलेली फळे पिकवण्यासाठी भाताच्या पेंढ्यावर थरांनी रचून आढी लावली जाते. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत काम करते; नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली ‘रत्ना’ ही आंब्याची जात, अत्यंत पातळ कोयीची ‘सिंधू’ ही जात, तसेच वेंगुर्ला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काजूच्या जाती ही त्याची देणगी आहे.

मासेमारीच्या पद्धतींत रापण ही या किनाऱ्याच्या समाजरचनेचा आरसा मानता येईल अशी पद्धत आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे अतिशय लांब जाळे; ते ओढणाऱ्या संघालाही हेच नाव आहे. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळे सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणून देते. त्यानंतर दोन्ही दोरांवर माणसे लागतात आणि पाय वाळूत रोवून, मागे झुकून, एका लयीत जाळे ओढत आणतात. मागे पोहोचलेला माणूस दोर सोडून पुढे पाण्याकडे जातो आणि तेथून नव्याने धरतो. दोन्ही टोके हळूहळू जवळ येत जातात आणि शेवटी जाळ्याचा मधला फुगीर भाग उथळ पाण्यात येतो, तेव्हा तारली, बांगडे, पेडवे जे काही सापडले असेल ते टोपल्यांत भरले जाते. या कामाला अनेकदा पन्नासांहून अधिक हात लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात, त्यात जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा असतो, आणि दोराला हात लावलेल्या परक्यालाही थोडी मासळी देण्याची रीत आहे. किनाऱ्याजवळ येणाऱ्या मासळीवरच रापण अवलंबून असल्याने यांत्रिक नौका, पर्ससीन (थव्याला वेढून तळाशी आवळावयाची) जाळी आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी यांचा पहिला फटका गाबीत समाजातील व इतर पारंपरिक मच्छीमारांच्या रापणींनाच बसला. राज्यात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ पासून अस्तित्वात आहे आणि पर्ससीन मासेमारीवर २०१६ मध्ये निर्बंधही घालण्यात आले. परंतु निर्बंधांची अंमलबजावणी हाच येथील मच्छीमारांच्या आंदोलनांचा सातत्याने विषय राहिला आहे, आणि या प्रश्नात रापणकरांची बाजू न्याय्य आहे असेच म्हणावे लागते.

इतिहासात हा किनारा आरमारामुळे महत्त्वाचा ठरला. छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. बेटाच्या आकाराप्रमाणे वळणे घेत जाणारा तट आणि दोन बुरुजांच्या आड दडलेले प्रवेशद्वार ही त्याच्या बांधणीची वैशिष्ट्ये असून चारही बाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांनी बांधले. विजयदुर्ग हा मूळचा शिलाहारकालीन किल्ला शिवाजी महाराजांनी वाढवून बळकट केला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. जवळच गिर्ये येथे खाडीच्या काठी कातळात खोदलेली गोदी आहे. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी उभारलेल्या वखारीचे अवशेष उरले आहेत. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही पोर्तुगीज ताब्यामुळे आज गोव्यात मोडतो, हे सीमेवरून प्रवास करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

गावांची घडण ग्रामदैवताभोवती झालेली आहे. देवाला कौल लावून, म्हणजे प्रश्न विचारून त्याचा होकार-नकार घेऊन, सामुदायिक निर्णय करण्याची प्रथा आजही चालू असून तिचे सर्वांत ठळक रूप आचरे गावच्या गावपळणीत दिसते. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सारे गाव, गुरेढोरे आणि कोंबड्यांसह, वेशीबाहेर जाऊन माळावर आणि खाडीकाठी उभारलेल्या झोपड्यांत तीन दिवस व तीन रात्री राहते, आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच घरी परतते. त्या काळात घरे ओस असतात. आरवलीच्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो अशी श्रद्धा आहे. देवगडजवळ समुद्रकाठी असलेल्या कुणकेश्वर मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. भातकापणीनंतरच्या जत्रांच्या रात्री दशावतारी नाटके होतात. त्यांत लिखित संहिता नसते, पौराणिक कथानक ठरवून संवाद पात्रे आयत्या वेळी रचतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. साहित्यिकांपैकी शिरोड्यात वि. स. खांडेकर यांनी १९२० पासून बरीच वर्षे शिक्षकी केली, जयवंत दळवी यांचे बालपण आरवलीत गेले आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांनी वेंगुर्ल्याजवळील कोंडुऱ्याचे नाव आपल्या कादंबरीला दिले. मराठी साहित्याला या चिंचोळ्या पट्टीने आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट दिले आहे.

मालवणजवळचा काही सागरी भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला असून तेथील खडकांवर प्रवाळ आढळतात. तारकर्ली, देवबाग व निवतीच्या समुद्रात डॉल्फिन दिसतात. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी व देवगड तालुक्यातील तांबळडेग यांसारख्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालण्यासाठी येतात आणि ग्रामस्थ त्या घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतात. वेंगुर्ल्याच्या दीपगृहाजवळील खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. खाद्य म्हणून परदेशात मागणी असल्याने ही घरटी चोरून नेण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा ठिकाणी दिव्यांचा झोत, वाळूवर वाहने चालवणे आणि प्रवाळावर पाय देणे ही कृत्ये पाहुण्यांनी कटाक्षाने टाळली पाहिजेत.

प्रदेश पाहण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, तर आंबा, काजू व कोकम यांचे काम पाहू इच्छिणाऱ्यास एप्रिल-मे उचित. १९९८ मध्ये पूर्ण झालेला कोकण रेल्वेमार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग हे दोन्ही किनाऱ्यापासून आतून जातात, त्यामुळे कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडी येथे उतरून पुढे रस्त्याने पश्चिमेकडे यावे लागते. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथे २०२१ पासून विमानतळही आहे. पुळणीपासून मागे गडग्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या बुटक्या भिंतींच्या, मधून जाणाऱ्या पाणंदीने पायी सड्यापर्यंत चढून जाणे हा या भूमीची रचना समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग होय. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने मालवण धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडीवाहतूक आणि समुद्रातील सर्व जलक्रीडा बंद ठेवल्या जातात.