पोटखराबा

आमच्या शिरूर तालुक्यात समुद्र नाही, पण बेट आहे. कुकडी आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या मुलखाला सगळे 'बेट भाग' म्हणतात. लहानपणी एस.टी.त कुणी "बेटातनं आलोय" म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे होड्या आणि नारळाची झाडं यायची. प्रत्यक्षात तिथे ऊस! असो. परवा माघात मी जे बेट बघून आले ते वेगळं, गवताचं.

मोरगावला गणपतीला जायचं ठरलं होतं. गाडी चुलतभावाची. शिरूरहून न्हावरा, पारगावला भीमा ओलांडून चौफुला, पुढे सुपे. अख्ख्या वाटेवर ऊस आणि गुऱ्हाळं. दादाला म्हटलं, "सुप्याला तासभर थांबू या, अभयारण्य बघू." तो म्हणाला, "तिथं काय बघायचं? माळच आहे की तो."

आहे खरा माळच. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी ते राखून ठेवलं. चहूबाजूंनी शेतं, रस्ते, वस्त्या, आणि मध्ये पिवळं पडलेलं कुसळीचं गवत, कुठेकुठे हिवर, बाभूळ, बोरी. पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. दादा नुसता माझ्याकडे बघत होता, तोंडाने काही म्हणाला नाही. मग तिथल्या वनरक्षकाने बोट दाखवलं, "ताई, रंग शोधू नका, शेपटी शोधा." चिंकाऱ्याचा रंग मातीचाच. पण ती काळी शेपटी सारखी हलते, आणि एक दिसली की मग पाच दिसतात. मादीलाही शिंगं असतात, बारीक, हे मला त्या दिवशी कळलं. गवतावरून अगदी खालून एक भोवत्या तरंगत गेला. हा शिकारी पक्षी हिवाळा काढायला मध्य आशियातून इथे येतो, नाकतोडे खायला. एवढ्या लांबून ज्याच्यासाठी येतो त्याला आपण नुसता माळ म्हणतो.

सुपे म्हटलं की इतिहासवाल्यांना शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर आठवते, किंवा १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी संभाजी मोहिते मामांकडून ठाणं घेतलं ते. मला मात्र त्या गवतात उभं राहून १२ मे १८७५ आठवला. त्या दिवशी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि खतं, कागद ओढून काढून जाळले. दख्खनचा उठाव तो हाच. आणि त्याची ठिणगी आमच्या तालुक्यातली! १८७४ च्या डिसेंबरात शिरूरजवळच्या कर्डे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला होता. त्याची शेती कसायची नाही, कामाला जायचं नाही. शाळेत हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. कर्ड्याची मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिलाही माहीत नव्हतं.

याचा गवताशी काय संबंध? माझ्या मते पुष्कळ. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून जमीन-मोजणी सुरू केली. पेरता येईल ती जमीन आकाराची, न येईल तो पोटखराबा. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) आलं, कापसाचा भाव चढला, रेल्वे आली, सावकार सढळ हाताने पैसे देऊ लागले. पडीक होतं ते नांगराखाली गेलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यात नव्या मोजणीत सारा वाढला. कर्ज तेवढं जागेवर राहिलं. उठावानंतर सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण मधल्या १८७६-७८ च्या दुष्काळात माणसांबरोबर गुरंही गेली. माळ म्हणजे गुरांची वाईट वर्षाची शिल्लक. ती आधीच खर्चून झाली होती असं मला वाटतं. भीमथडीची तट्टं, ज्यांच्या जिवावर मराठी फौजा हिंडल्या, तीही याच गवताची.

आणि हे गवत म्हणजे जंगल तोडून उरलेली उजाड जमीन, हेही खरं नाही. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी ओव्या, कथा, चरित्रं यांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले. त्यांतली बहुतेक झाडं माळावरची निघाली, निदान साडेसातशे वर्षांपूर्वीपासूनची. ज्यावर आपण 'ओसाड' म्हणून झाडं लावत सुटलो तो माळ मुळातच माळ होता.

हे सगळं मी गाडीत दादाला सांगत होते. तो ऐकत होता, मध्ये "हं" म्हणत होता. मोरगावचं दर्शन झालं, प्रसाद घेतला, आणि मग त्याने डॅशबोर्डमधून कागद काढले. सोसायटीचं कर्ज. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा बहिणींची नावं लागली आहेत, म्हणून संमतीच्या सह्या हव्यात. आमच्या गटात तीन एकर पोटखराबा आहे. तिथे आजी शेळ्या सोडायची, तिथेच मी पहिल्यांदा टिटवीची अंडी पाहिली, नुसती दगडांत ठेवलेली. ती जमीन सपाट करून वर गाळाची माती टाकायची, बोअर घ्यायचं, ऊस लावायचा.

"तू आत्ता एवढं बोललीस," दादा म्हणाला, "म्हणून विचारतो. नको असेल तर तसं सांग. पण मग पोरांच्या फिया तू भरणार का?"

तो टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. त्याच्या दोन्ही पोरांची इंजिनिअरिंगची वर्षं मला माहीत आहेत. गेल्या तीन वर्षांत कांद्याने त्याचं काय केलं तेही. मी पुण्यात राहते, माझ्या पगाराला माळ लागत नाही.

सही केली. तीन ठिकाणी. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून.

येताना चौफुल्याला रस प्यायलो. दादाने ग्लास ठेवता ठेवता विचारलं, "त्या शेपटीवाल्या हरणांना पाणी लागत नाही का गं? तळं कुठं दिसलं नाही." म्हटलं, फार कमी लागतं, पाल्यातूनच मिळतं. "मग बरंय त्यांचं," म्हणाला.

जेसीबी सोमवारी यायचा आहे. टिटवी मार्चनंतर अंडी घालते, म्हणजे यंदाची अजून घातलेली नसणार. कोपऱ्यातला बोरीखालचा तुकडा राहू दे, असं त्याला फोनवर म्हटलंय. "बघू," म्हणाला.