भाकरी : मिळवलेली आणि थापलेली

मराठीत ‘भाकरी’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. ‘भाकरीचा प्रश्न’, ‘हक्काची भाकरी’, ‘भाकरीच्या शोधात गाव सोडणे’ अशा प्रयोगांत तो उपजीविकेचा वाचक असतो. ही भाकरी मिळवायची असते. दुसरा अर्थ शब्दशः घ्यायचा : ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदूळ यांच्या पिठाचा उंडा मळून, हाताने थापून, तव्यावर भाजलेला रोजचा पदार्थ. ही भाकरी करायची असते. आधुनिक मराठी वाङ्मयात पहिल्या अर्थाच्या भाकरीची चर्चा विपुल झाली. ती मिळवणारा शेतकरी, गिरणीकामगार, स्थलांतरित मजूर हे कथा-कादंबऱ्यांचे नायक झाले. मिळवून आणलेल्या धान्याची भाकरी रोज कोणीतरी केली, ही गोष्ट मात्र गृहीतच धरली गेली. वस्तुतः या करण्यालाही इतिहास आहे. तो दरबारी कागदपत्रांत क्वचित आढळतो. धान्याच्या स्वभावात, घरातल्या साधनांत आणि स्त्रियांच्या गाण्यांत तो अधिक सापडतो.

दख्खनची ओळख बनलेल्या या भाकरीची तिन्ही प्रमुख भरडधान्ये मुळात आफ्रिकेतील आहेत. ज्वारी ईशान्य आफ्रिकेतील, बाजरी पश्चिम आफ्रिकेतील, तर नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातील. प्राचीन काळीच ती भारतात पोचली आणि कोरडवाहू जमिनीत अशी रुजली की त्यांचे परकेपण कोणाच्या स्मरणातही उरले नाही. कन्नड मुलखातील ज्वारीची रोट्टी, गुजरातेतील बाजरीचा रोटला आणि महाराष्ट्रातील भाकरी ही एकाच पीकपद्धतीची तीन भावंडे होत.

या धान्यांच्या स्वभावातच भाकरी करण्याच्या श्रमाचे स्वरूप ठरून जाते. गव्हाच्या पिठात पाणी पडले की चिवट, ताणली जाणारी कणीक तयार होते. तिची पोळी लाटता येते, आंबवून तिचा पावही फुगवता येतो. ज्वारी-बाजरीच्या पिठात तो चिवटपणा नाही. म्हणून कढत पाणी घालून, पीठ तळहाताने रगडून त्याला बांधून आणावे लागते आणि उंडा लाटण्याऐवजी काथवटीत किंवा परातीत थापावा लागतो. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकते न सुकते तोच भाकरी उलटायची आणि शेवटी निखाऱ्यांशी धरून पापुद्रा सुटेपर्यंत शेकायची. पाणी अधिक झाले तर भाकरी तव्याला चिकटते, कमी झाले तर तिला चिरा पडतात. हे मापाने शिकवता येत नाही. आईच्या किंवा सासूच्या हाताकडे पाहून ते हाताला शिकावे लागते. शिवाय पीठ जुने झाले की त्याची ‘विरी’ जाते आणि भाकरी थापताना तुटू लागते. म्हणून दळण वरचेवर करावे लागते. केलेली भाकरीही थंड झाली की कडक होते. म्हणून चूल बहुधा दोन्ही वेळा पेटवावी लागते. साठवून ठेवता न येणारे हे काम आहे. सुगीत काम करून पावसाळ्यात बसून खावे, अशी सोय शेतीत थोडीफार असते. भाकरीत ती नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे याच किनाऱ्यावर आलेल्या दुसऱ्या भाकरीची, म्हणजे पावाची, कहाणी अधिक अर्थपूर्ण ठरते. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यानंतर त्यांच्याबरोबर आंबवून भट्टीत भाजण्याची विद्या तेथे आली. ‘पाव’ हा मराठी शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. सासष्टीतील माजोर्डे हे गाव गोव्यातील या व्यवसायाचे मूळ मानले जाते. परदेशी खमिराच्या जागी माडाची सूर वापरून तेथील कारागिरांनी पाव स्थानिक करून टाकला. परंतु तो घरी करण्याची रीत पडली नाही. मोठी भट्टी तापवायला लागणारे सरपण एका कुटुंबासाठी जाळणे परवडणारे नव्हते. एकदा तापलेल्या भट्टीत मात्र साऱ्या वाड्याचा पाव भाजून निघत असे. रात्री भट्टी लावायची आणि पहाटे दारोदार पाव पोचवायचा, हे ‘पोदेरा’चे काम झाले. त्याला नाव मिळाले, भाव मिळाला. पुढे मुंबईत गोवेकर आणि इराणी बेकरीवाल्यांनी हाच धंदा वाढवला. पाव हा असा आरंभापासून धंद्याचा पदार्थ राहिला, आणि म्हणून त्याचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे आहे.

पाव घरात न शिरण्याचे दुसरे कारण धार्मिक आचाराचे होते. सूर घालून आंबवलेला, परक्या हाताने भाजलेला पदार्थ उच्चवर्णीय हिंदू घरांत दीर्घकाळ निषिद्ध होता; विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा किनारपट्टीच्या लोकस्मृतीत आजही आहेत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य ओढवले. विचारांनी भिन्न असलेल्या या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले, यावरून अन्न कोणाच्या हातचे आहे या प्रश्नाचे तत्कालीन वजन कळते. त्या वादाचा पुरुषांच्या बाजूने पुष्कळ अभ्यास झाला आहे. बाहेरचा हात वर्ज्य ठरला की घरातला हात अनिवार्य होतो, ही त्याची दुसरी बाजू मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. शुचितेची अट समाजाने घातली. तिची पूर्तता चुलीपुढे बसलेल्या स्त्रीला रोज करावी लागली.

भाकरीच्या आधी जाते येते. दोन तळ्यांचे फिरते जाते दख्खनमध्ये इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून परिचित आहे. जात्यात वैरण घालायची, खुंटा धरायचा आणि पहाटेच्या अंधारात घरापुरते पीठ काढायचे, हा क्रम पुढे शतकानुशतके चालला. याच श्रमाशी मराठी काव्याच्या उगमाचा धागा जोडलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच्या अन्नविषयक प्रकरणात राजाच्या पंगतीचे मांडे आणि पोळ्या आहेत, आणि संगीतविषयक भागात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. एकाच ग्रंथात ही दोन्ही यावीत हे लक्षणीय आहे : पदार्थ राजाच्या नावे नोंदला गेला, तर धान्य सडणाऱ्या-कांडणाऱ्या स्त्रियांची नोंद त्यांच्या गाण्यामुळे झाली. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ ज्या छंदात सांगितली गेली, त्या ओवीला ही श्रमगीतांची पार्श्वभूमी आहे.

संतचरित्रांतील आख्यायिका या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर हवे असते. विसोबाच्या मनाईमुळे कुंभार ते देत नाहीत. तेव्हा ज्ञानदेव योगबळाने आपली पाठ तापवतात आणि ती तिच्यावर मांडे भाजते. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या जात्याचा खुंटा प्रत्यक्ष विठ्ठल धरतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून जाते आजही दाखवले जाते. चमत्कार म्हणून या कथा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु चमत्कार नेमका कशासाठी घडतो, हे पाहावे. तो बहिष्कृत घरातील तव्याच्या अडचणीसाठी आणि एकट्या बाईच्या दळणासाठी घडतो. जाते सहसा दोघींनी समोरासमोर बसून ओढायचे. जनाबाईसमोर दुसरी कोणी नाही, म्हणून देव बसतो. ज्या समाजात हे काम पुरुषाने करणे कमीपणाचे मानले जात होते, त्या समाजाने देवाला जात्याशी बसवले, ही भक्तिपरंपरेने या श्रमाला दिलेली मोठी मान्यता होय. व्यवहारात तिचा परिणाम फारसा झाला नाही, हेही तितकेच खरे.

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन विसाव्या शतकात अनेकांनी केले. साने गुरुजींचे ‘स्त्री-जीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’ आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने केलेले काम मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. त्यांतील निवडक साहित्य २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दस्तऐवज-संग्रहाने सर्वांना खुले केले आहे. माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरी यांच्या बरोबरीने बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही त्यात आहेत. या संकलनांना एक विसंगती चिकटलेली आहे. ती मोठ्या प्रमाणावर होऊ लागली तेव्हा जाते फिरायचे थांबत आले होते. पिठाची गिरणी खेड्यापाड्यांत पोचली आणि पहाटेचे दळण सुटले. त्याबरोबर ओवीचे आसनही गेले. यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी दळले, त्यांच्यापैकी किती जणींना जाते परत हवे होते, हे विचारल्याखेरीज ती हळहळ प्रामाणिक ठरत नाही.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेचे मोल येथेच आहे. खानदेशात जात्याला ‘घरोट’ म्हणतात आणि त्याच नावाची त्यांची कविता आहे. जाते, चूल, तवा यांच्याकडे त्या कष्ट करणाऱ्या हातांच्या अनुभवातून पाहतात. त्या निरक्षर होत्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव यांच्यामुळे त्यांची गाणी छापली गेली. तव्याच्या चटक्याचा संसाराशी जोडलेला त्यांचा संबंध आता म्हणीसारखा वापरला जातो. त्या चटक्यामागची रोजची चूल मात्र वापरणाऱ्यांच्या मनात क्वचितच असते.

‘घरची भाकरी’ या कल्पनेभोवती जे मायेचे वलय आहे, त्याची मर्यादा दलित साहित्याने दाखवून दिली. गावगाड्यात महाराच्या वाट्याला आलेली येसकरकी म्हणजे गावकीची कामे करून दारोदार फिरून भाकरी मागणे. तेथे भाकरी होती. ती आपल्या चुलीवरची नव्हती, बहुधा शिळी होती आणि तिच्याबरोबर मानखंडना होती. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाचा भार घराघरांतील चुलीवर पडला, हे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचताना उमगते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) यांत भाकरी हा भुकेचा आणि माणूसपणाचा प्रश्न होऊन येते. बेबी कांबळे यांच्या लेखनात त्या भाकरीशी झुंजणारी बाईही दिसते.

भाकरी करण्याच्या श्रमाला बाजारभाव मिळाला तो मुंबईच्या गिरणगावात. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार कुटुंब गावी ठेवून आले होते. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बहुतांशी स्त्रियांनी आपल्या चाळीतल्या खोल्यांतच चालवल्या. घरात जे काम बिनमोल होते, तेच डब्यात भरताच महिनेवारीने मोजले जाऊ लागले. तरीही बँकेच्या लेखी या स्त्रिया उद्योजक नव्हत्या. त्यांना सावकाराकडे जावे लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. भाकरी थापणे हे काम आहे, त्यावर पत मिळू शकते, ही मान्यता मिळायला गिरण्या सुरू झाल्यापासून शतकाहून अधिक काळ जावा लागला.

याच सुमारास खुद्द धान्यही बदलत होते. १९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढले, पण तिच्या भाकरीला मालदांडीची चव नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेली लाल ‘मिलो’ खावी लागली, तिची आठवण त्या पिढीच्या बोलण्यात अजून येते. पुढे शिधावाटपात गहू-तांदूळ स्वस्त झाला, ज्वारीचे क्षेत्र घटले आणि अनेक घरांत भाकरीची जागा पोळीने घेतली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. गरिबाचे अन्न आता आरोग्याच्या नावाने प्रतिष्ठित झाले असून शहरांत तयार भाकरी नगावर विकत मिळते. ती थापणारे हात बहुधा पूर्वीचेच, खेड्यातून आलेल्या बायकांचे असतात.

धान्याला प्रतिष्ठा मिळाली म्हणून श्रमाला मिळाली, असे अजून म्हणता येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होती, तर घरकामात भाग घेणारा पुरुष ९७ मिनिटे. ‘मानसोल्लासा’त स्त्रियांचे श्रम गाण्याच्या आडून नोंदले गेले होते; येथे ते मिनिटांत मांडले गेले आहेत. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या आकड्यांतून एक वाचनपद्धती घेता येईल. कथेत, कवितेत, आत्मकथनात जेथे जेथे भाकरी येते, तेथे ती कोणी मिळवली हे लेखक बहुधा सांगतोच. ती कोणी थापली, किती पहाटे उठून थापली आणि स्वतः शेवटी काय खाल्ले, हे शोधणे अभ्यासकाचे काम आहे.