‘जाणार’ आणि ‘बोय आ’ : बेताच्या व्याकरणाचा इतिहास

आमच्या महाविद्यालयातून मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली एक विद्यार्थिनी सध्या मोबाईलवरून स्पॅनिश शिकते आहे. ‘पुढचे बेत सांगणे’ या अगदी आरंभीच्या धड्यावर ती अडली. ‘मी शिकणार आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘बोय आ एस्तुदियार’ असे सांगतात. शब्दशः पाहिले तर ‘मी शिकायला जाते’. “सर, कुठेच जायचे नसताना हे लोक ‘जाते’ का म्हणतात?” असा तिचा प्रश्न होता. उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की तो उलटाही विचारता येतो. आपण तरी ‘णार’ का म्हणतो?

लॅटिनमध्ये भविष्यकाळाची स्वतंत्र रूपे होती. ‘दाबो’ म्हणजे मी देईन. बोलीत ती झिजली आणि त्यांच्या जागी धातूला ‘आबेर’ (जवळ असणे) या क्रियापदाचा मूळ अवतार जोडण्याची रीत आली : ‘देणे माझ्याकडे आहे’, म्हणजेच ‘मला द्यायचे आहे’. या नव्या रूपाची एक जुनी नोंद सातव्या शतकातील फ्रेडेगारच्या बखरीत आहे. पराभूत इराणी राजा प्रांत परत करण्यास नकार देताना जुन्या लॅटिनमध्ये ‘नॉन दाबो’ म्हणतो. त्यावर सम्राट जस्टिनियन नव्या बोलीत ‘दारास’, म्हणजे ‘देशील’, असे सुनावतो आणि त्यावरून त्या स्थळी वसलेल्या नगराचे नाव दारास पडते. इतिहास म्हणून ही कथा खोटी आहे, कारण दारा हे नगर त्याआधीच अनास्टेशियस बादशहाने वसविले होते. पण बखरकाराची खोटी व्युत्पत्ती भाषेच्या अभ्यासकाला खरे रूप देऊन गेली. (आपल्याकडच्या स्थलमाहात्म्यांतही असे पुष्कळदा घडते.)

१४९२ च्या ऑगस्टमध्ये, कोलंबसची गलबते निघून दोन आठवडे झाले असताना, आन्तोनिओ दे नेब्रिहाचे कास्तिलियन व्याकरण सालामांका येथे छापून झाले. त्यात त्याने ‘आमारे’ (मी प्रेम करीन) या रूपाची फोड ‘प्रेम करणे’ अधिक ‘आहे’ अशी करून दाखविली. विशेष म्हणजे या ग्रंथाचा पाचवा भाग परभाषकांनी कास्तिलियन शिकावी म्हणून लिहिलेला आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या धड्याचा हा मूळपुरुष म्हणावा लागेल. पुढे हे जोडरूपही इतके एकजीव झाले की त्यातला हेतू ऐकू येईना. मग ‘इर’ (जाणे) हे क्रियापद कामाला लागले आणि आज बोलण्यातले बेत बहुधा त्याच्याच आधाराने सांगितले जातात.

आता घराकडे वळू. संस्कृतातले ‘करिष्यति’ मराठीपर्यंत पोचले नाही. जुन्या वर्तमानकाळाच्या ‘करी’ला ‘ल’ लागून ‘करील’ झाले. हा ‘ल’ कोठून आला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ‘णार’ची कथा अधिक उघड आहे. तो कर्तृवाचक प्रत्यय आहे, ‘पालनहार’, ‘राखणहार’ यांच्या कुळातला. ‘मी जाणार’ म्हणजे मुळात ‘मी जाणारा’. संस्कृतानेही हेच एकदा केले होते : ‘लुट्’ लकारातील ‘गन्तास्मि’ म्हणजे ‘गन्ता अस्मि’, मी जाणारा आहे, म्हणून उद्या जाईन. जी युक्ती पाणिनीच्या व्याकरणात दिसते ती शेकडो वर्षांनी मराठीने नव्या सामग्रीतून पुन्हा उभी केली. आणि ‘णार’ला लिंग, वचन, पुरुष काहीच नाही. मी, तू, ती, ते, सगळे ‘जाणार’.

शेजारच्या हिंदीने मात्र स्पॅनिशसारखी ‘जाण्या’चीच वाट धरली. ‘जाएगा’तला ‘गा’ म्हणजे ‘गत’, गेलेला, असे मानले जाते. हिंगोलीकराला हे दोन्ही मार्ग घरचे आहेत. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सकाळी ‘जाणार’ म्हणणारा माणूस संध्याकाळी बाजारात ‘जाएगा’ आणि ‘जानेवाला’ म्हणतो. येथल्याच नरसीच्या नामदेवांच्या नावावर मराठी अभंग आहेत, तशीच गुरुग्रंथसाहिबात एकसष्ट पदेही आहेत.

नव्या रूपाने जागा घेतली की जुने बेकार होत नाही, ते तर्काच्या कामी लागते. स्पॅनिशमध्ये ‘सेरान लास सिंको’ हे रूप भविष्याचे, अर्थ मात्र ‘पाच वाजले असतील’. मराठीत नेमके हेच झाले आहे. ‘तो येईल’ यात अंदाज आहे, ‘तो येणार’ यात ठरलेपण. आणि बोलीतला बेत तर याहूनही दूर भटकतो. ‘उद्या परभणीला जावं म्हणतो’ यात हेतू ‘म्हणण्या’तून येतो. ‘चाललो मी’, ‘आलोच’ यांत भूतकाळाचे रूप घेऊन पुढचे सांगितले जाते.

आमची खरी तक्रार शालेय व्याकरणाशी आहे. तेथे ‘मी जाईन’ हा साधा भविष्यकाळ, ‘मी आंबा खाल्ला असेन’ हा पूर्ण भविष्यकाळ, असा इंग्रजी वळणाचा तक्ता पाठ करून घेतात. ‘खाल्ला असेन’ हे वाक्य मराठी माणूस भविष्याविषयी क्वचितच उच्चारतो. तो झालेल्या गोष्टीचा अंदाज असतो. १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणाऱ्या मोरो केशव दामल्यांनंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही कोणी बेत कसा सांगतो हे वर्गात शिकविले जात नाही, आम्हीही शिकविले नाही. स्पॅनिशच्या पहिल्या पुस्तकाला मात्र ते आधी शिकवावे लागते, कारण परक्याला त्याचीच गरज आधी पडते.

विद्यार्थिनीला हे सारे फोनवर सांगितले. तिने पुढचे वाक्य विचारले : ‘मला पुण्याला जायचं आहे.’ स्पॅनिशमध्ये येथे निवड करावी लागते. इच्छा असेल तर ‘केरेर’, भाग असेल तर ‘तेनेर के’. मराठी ‘जायचं आहे’ दोन्ही अर्थ पोटात ठेवते. यातला तुझा कोणता, असे आम्ही विचारले. घरी विचारून सांगते, म्हणाली.